अ.पा.क. आई

मी ज्यांचं देणं लागते त्यांत एक कागदही आहे. माझा जन्म १९८३ चा, कागद त्याच्याही आधीचा. २९ डिसेंबर १९७६ रोजी रिझर्व्ह बँकेने देशभरातल्या बँकांना एक परिपत्रक धाडलं. त्याचा सारांश असा की, अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाच्या नावाने बचत खातं किंवा मुदत ठेव काढायची असेल आणि पालक म्हणून आई सही करणार असेल, तर खातं उघडायला हरकत नाही. खात्यातून जमेपेक्षा जास्त रक्कम जाऊ देऊ नका, म्हणजे झालं.

हे मुद्दाम सांगायची वेळ आली ती १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यामुळे. त्याचं सहावं कलम म्हणतं, मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. त्यामुळे बँकेतला माणूस विचारणारच, बाप आहे ना? मग आईची सही कशाला? उद्या बापाने येऊन तंटा काढला तर निस्तरायचं कुणी? रिझर्व्ह बँकेने यातून काढलेली वाट मला आजही हुशारीची वाटते. कायद्याला तिने हात लावला नाही. खात्यात कायम जमाच असेल तर अज्ञान मुलाने केलेला करार वैध की अवैध हा वादच उभा राहत नाही, मग भ्यायचं कशाला, एवढंच तिचं म्हणणं.

पण परिपत्रकं निघतात, फाइलीला लागतात, वर्षअखेरीला बांधली जातात आणि कपाटात जातात. आमच्यासाठी ते कपाट एका बाईंनी उघडलं. त्यांचं नाव मी इथे देणार नाही, त्यांना ते आवडणार नाही. आमच्या घरात त्या कायम ‘तीन नंबरच्या मॅडम’ होत्या, कारण नगर रस्त्यावरच्या त्या बँकेत त्या तीन नंबरच्या खिडकीत बसत.

ही १९९३ ची गोष्ट. खराडी तेव्हा पुण्यात नव्हती, पुण्याजवळ होती. हवेली तालुक्यातलं गाव, ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची शाळा, मुळा-मुठेच्या अंगाला मळे आणि वरच्या बाजूला नगर रस्ता. गाव महापालिकेत गेलं १९९७ साली, आणि काचेच्या इमारती, आयटी पार्क, रात्री अकराला गजबजणारी हॉटेलं हे सगळं त्याच्याही पुढचं. आज माझ्या मुलीला मी सांगते, इथे ऊस होता, तर ती ‘इथे’ म्हणजे नक्की कोणत्या टॉवरखाली असं विचारते. मला सांगता येत नाही. खुणेचं झाडसुद्धा राहिलेलं नाही.

आम्ही मूळचे पाथर्डीकडचे. वडील ट्रकवर ड्रायव्हर, म्हणून नगर रस्त्याला लागून राहायचं एवढाच खराडीशी आमचा संबंध. गावठाणात दोन खोल्या भाड्याने, त्यात आई, आजी, मी आणि धाकटा भाऊ. वडील महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. आई ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. पैसे भिशीत नाहीतर डब्यात. बँकेशी आमचं काही काम पडेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

काम पडलं ते माझ्यामुळे. पुण्यातल्या एका संस्थेने तालुक्यातल्या शाळांसाठी निबंध स्पर्धा घेतली होती, तीत माझा नंबर आला. बक्षीस दोनशे एक्कावन्न रुपये. रोख मिळाले असते तर ही कथा तिथेच संपली असती. वह्या आल्या असत्या, भावाला चपला आल्या असत्या. पण संस्था हिशेबाची पक्की, तिने चेक दिला. माझ्या नावाचा, डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारलेला. गुरुजींनी तो वर्गात सगळ्यांना दाखवला. आईने तो किराणा दुकानदाराकडे नेला, तेव्हा तो म्हणाला, वहिनी, रेघा मारलेल्यात, हा पोरीच्या खात्यातच जमा होणार. पोरीचं खातं काढा. आणि लवकर करा, सहा महिन्यांनी हा रद्दी होतो.

चेकची मुदत तेव्हा खरंच सहा महिने असायची. ती तीन महिन्यांवर आली २०१२ च्या एप्रिलपासून. म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर लिहिलेला आमचा चेक फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जिवंत होता.

आई मला घेऊन बँकेत गेली. पितळी टोकनं, जाड लेजर, जाळीच्या खिडक्या. ज्या गृहस्थांकडे आम्हाला पाठवलं त्यांनी अर्ज पुढे सरकवला आणि विचारलं, वडील कुठायत? आई म्हणाली, गाडीवर. मग ते आले की या. ते रविवारी येतात. रविवारी बँक बंद. शनिवारी? शनिवारी अर्धा दिवस असते, तोवर ते पोचत नाहीत. मग अर्ज घरी नेऊन त्यांची सही आणते. नाही, नमुन्याची सही आमच्या समोर झाली पाहिजे. मग पालक म्हणून माझीच घ्या की, मला सही येते. त्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, वडील हयात आहेत ना? मग तुमची नाही चालणार.

आई जरा थांबली आणि म्हणाली, म्हणजे ते गेले असते तर माझी चालली असती?

गृहस्थ काही वाईट नव्हते. मान खाली घालून म्हणाले, नियम आहे.

हे बोलणं आईने घरी येऊन सांगायला नको होतं, कारण घरात आजी होती. आजीला बँक कळत नव्हती, पण सातबारा पाठ होता. आजोबा गेले तेव्हा माझे वडील आणि काका लहान होते. जमिनीवर पोरांची नावं लागली आणि त्यांच्यापुढे तलाठ्याने लिहिलं, अ.पा.क. आई. अज्ञान पालनकर्ता. त्या तीन अक्षरांपाठोपाठ तिचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा आलं, आणि आलं ते कुंकू पुसल्यावर. गावात ज्या ज्या बायकांची नावं अशी लागलेली तिने पाहिली त्या सगळ्या विधवा. तेव्हा नवरा धडधाकट असताना सून पोरीची पालनकर्ती म्हणून सही करायला निघाली आहे, हे ऐकून तिच्या काळजात चर्र झालं. जळो तो चेक, म्हणाली. अडीचशे रुपयांसाठी माझ्या लेकाला कागदावर मारू नका.

मी तेव्हा आजीवर फार चिडले होते. पुढे कायदा वाचला आणि वाटलं, शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईला सहाव्या कलमाचा अर्थ बँकेतल्या माणसाइतकाच अचूक कळला होता. तिला फक्त त्याची भीती वाटत होती, एवढाच फरक.

मग ३० सप्टेंबर उजाडला. आदल्या रात्री उशिरापर्यंत गणपती विसर्जनाचे ढोल, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप. आम्हाला इथे फारसं जाणवलं नाही, सकाळी रेडिओवर कळलं. वडिलांच्या मालकांनी दोन गाड्या मदतीच्या कामाला दिल्या, त्यातली एक वडिलांकडे. घोंगड्या, धान्य, मग पत्रे, मग आणखी पत्रे. किल्लारी, सास्तूर, उमरगा. ऑक्टोबरभर आणि पुढेही ते घरी आले ते रात्री अपरात्री, आंघोळ करून झोपण्यापुरते. तिकडे काय पाहिलं ते सांगत नसत. अशा माणसाला कोण म्हणणार की एक दिवस थांबा, बँकेत सहीला चला?

दिवाळी झाल्यावर आईने पुन्हा मला सोबत घेतलं. आजीला सांगितलं नाही. त्या दिवशी पहिले गृहस्थ रजेवर होते, त्यांचं टेबल तीन नंबरच्या मॅडमकडे होतं. आईने सगळं सुरुवातीपासून सांगितलं, किल्लारीसकट. मॅडमनी एकच विचारलं, तुम्हाला सही येते ना? आणि उठून आत गेल्या. आल्या त्या काळ्या कापडी पुठ्ठ्याचं एक जाडजूड बाड घेऊन. त्यात कागदाची एक पट्टी आधीपासूनच खुणेला घातलेली होती. ती पट्टी मला लख्ख आठवते, कारण त्या वयात मला पुस्तकातल्या खुणा बघायची सवय होती. तिचा अर्थ मात्र पुढे तीस वर्षांनी लागायचा होता.

बाड घेऊन त्या मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. साहेबांचा आवाज आला, पण वडील आहेत ना यांचे? मॅडमचा आवाज आला, साहेब, वडील आहेत म्हणूनच तर हे परिपत्रक आहे. नसते तर लागलंच नसतं. मग थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. बहुधा साहेब वाचत होते. नंतर नुसतं, ठीक आहे, जमा शिल्लक मात्र बघा.

खात्याला तेव्हा ओळख लागायची. त्याच बँकेत खातं असलेल्या माणसाने सही करून सांगायचं की मी यांना ओळखतो. आधार नव्हतं, पॅन कुणाकडे नव्हतं, माणसाचा पुरावा माणूस. आमच्या गल्लीतले गिरणीवाले अंगावरचं पीठ झटकत आले, सही केली आणि मॅडमना म्हणाले, पोरगी हुशार आहे, खात्यात पैसे नेमाने भरेल. अर्जावर पालकाचं नाव आणि नातं अशा दोन रकान्यांत मॅडमनी स्वतःच्या अक्षरात आईचं नाव लिहिलं, पुढे ‘आई’. मग माझ्याकडे वळल्या. परिपत्रकात असं आहे की रक्कम मोठी असेल आणि मूल समजतं असेल तर पैसे काढताना त्याचीही संमती घ्यावी. आपली रक्कम लहान आहे, त्या म्हणाल्या, पण तू समजती आहेस, तर तुझीही सही ठेवू. दहा वर्षांच्या मुलीच्या सहीची काही गरज नव्हती. मी पूर्ण नाव लिहिलं आणि वर शाळेतल्यासारखी सरळ रेघ ओढली.

आईने आभार मानायला तोंड उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, यात माझं काही नाही हो, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळायला हवं होतं.

या वाक्याशी मी बरीच वर्षं झगडले. जे हक्काचंच होतं ते मिळालं, तर ऋण कसलं? कुणी खिशातले पैसे दिले, रात्री दवाखान्यात नेलं, शाळेची फी भरली, तर ते ऋण आपल्याला मोजता येतं. नियमात बसणारं काम नियमाने करणाऱ्या माणसाचं आपण काय लागतो? तत्त्वाने बघितलं तर काहीच नाही. पण ते बाड मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवायचं त्यांना बंधन नव्हतं. रजेवरच्या सहकाऱ्याचं उत्तरच त्यांनी आम्हाला पुन्हा दिलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं, आणि आम्हीही गुपचूप परतलो असतो. हक्क आमचा होता हे खरं, पण तो आम्हाला ठाऊकच नव्हता.

पासबुक घरी आलं तेव्हा आजीने ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि दोन दिवस आईशी बोलली नाही. पासबुकाला हात लावेना. वडील आल्यावर तिने तक्रार केली. त्यांनी कंदिलाजवळ धरून (वीज गेलेली होती) पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, चांगलंय की. मी कुठंही असलो तरी पोरीचं खातं अडणार नाही. आणि तिकडे किल्लारीत किती घरं बघितली मी, आई, कुणाच्या कागदाला कोण उरलं नाही. त्या रात्री पहिल्यांदा ते तिकडचं बोलले. आजीने पुढे त्या पासबुकाला खाकी कव्हर घातलं, बाहेरून काही दिसू नये म्हणून की कोपरे दुमडू नयेत म्हणून, देव जाणे.

खातं चाललं. आई दर महिन्याला त्यात पाच-दहा रुपये भरायची आणि ते भरायला मला पाठवायची. एकदा महिन्याच्या पंधरा तारखेला गेले तर मॅडम म्हणाल्या, पाच दिवस उशीर केलास. त्या काळात बचत खात्यावरचं व्याज दहा तारखेपासून महिनाअखेरीपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर धरत. अकराव्या दिवशी भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही. ही गोष्ट बहुतेक मोठ्या माणसांनाही ठाऊक नव्हती. दहाच्या आत भर, आणि काढायचे तर एक तारीख उजाडल्यावर काढ, असं त्यांनी मला शिकवलं. दर पाच टक्के होता, तोही वर्षभरात साडेचारवर आला. आमच्या रकमेवर त्याने पडणारा फरक काही आण्यांचा. पण दहा वर्षांच्या मुलीला बँकेतली बाई सावकारी भाषेत, बरोबरीने समजावते, याचं मोल मला अजून आण्यांत करता आलेलं नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिल्लकेवर द्यायला लावलं आणि दहा तारखेचं महत्त्व संपलं. माझी सवय तेवढी राहिली.

१९९९ च्या फेब्रुवारीत मी दहावीत होते. वर्तमानपत्रात बातमी आली, आईला मी वाचून दाखवली. गीता हरिहरन या लेखिकेने आणि त्यांच्या पतीने १९८४ साली मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेमार्फत रोखे घ्यायचं ठरवलं होतं, अर्जावर पालक म्हणून आईची सही. रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला आणि बापाची सही आणा म्हणून कळवलं. गंमत बघा, १९७६ साली बँकांना आईची सही चालवून घ्या म्हणणारी तीच रिझर्व्ह बँक. परिपत्रक बचत खात्यांचं आणि ठेवींचं होतं, रोख्यांचं नव्हतं, एवढंच. त्या कोर्टात गेल्या. १७ फेब्रुवारी १९९९ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आई पालक व्हायला बाप मरायची गरज नाही. तो मुलाचं बघत नसेल, दूर असेल, किंवा दोघांनी मिळून तसं ठरवलं असेल, तरी आईची सही चालेल. आई शिवणयंत्रावर होती. पाय न थांबवता म्हणाली, त्या बाईला दिल्लीपर्यंत जावं लागलं. मला तीन नंबरच्या खिडकीपर्यंत.

अठरा पूर्ण झाल्यावर खात्यातून पालक जातो आणि सहीचा नमुना नव्याने द्यावा लागतो. २००१ च्या उन्हाळ्यात मी त्यासाठी गेले तर खिडक्यांच्या जाळ्या निघालेल्या, टेबलावर संगणक, आणि तीन नंबरवर एक तरुण मुलगा. त्या वर्षी सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली होती, देशभरात लाखभर माणसं बाहेर पडली. मॅडम त्यांत गेल्या होत्या. पत्ता मागायचं मला सुचलं नाही.

मी डी.एड. केलं, तीन हजार मानधनावर शिक्षण सेवक म्हणून लागले, आणि आज पुणे महापालिकेच्या पूर्व भागातल्या एका शाळेत शिकवते. माझ्या मुलीचं सुकन्या समृद्धीचं खातं २०१५ मध्ये, योजना निघाली त्याच वर्षी, पोस्टात काढलं. पालक म्हणून मी सही केली. खिडकीतल्या माणसाने मान वरसुद्धा केली नाही. इतकं सहज झालं की मलाच क्षणभर काहीतरी राहिल्यासारखं वाटलं.

शाळेत मात्र खात्यांनी आमचा पिच्छा पुरवला. २०१७ च्या सुमाराला सरकारने ठरवलं की मोफत गणवेशाचे चारशे रुपये शाळेला न देता थेट खात्यात टाकायचे, आणि खातं विद्यार्थी आणि त्याची आई यांचं संयुक्त हवं. हेतू उत्तम. बापाच्या हातात पैसे गेले तर कुठे जातात हे सरकारलाही ठाऊक असावं. पण माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई मराठवाड्यात ऊसतोडीला गेलेली, इथे बाप वॉचमन. बाप मुलाला घेऊन जवळच्या एका शाखेत गेला तर तिथे विचारलं, आई हयात आहे ना? मग तिलाच आणा.

तो माणूस मला हे सांगत होता आणि मला हसावं की रडावं कळेना. पुढे गणवेशाचे पैसे पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले आणि तो प्रश्न मिटला. मिटला म्हणजे मागे पडला.

२०२१ ला त्याहून अजब घडलं. करोनामुळे शाळा बंद, म्हणून उन्हाळी सुट्टीतला पोषण आहार शिजवण्याचा खर्च मुलांच्या खात्यात जमा करायचं ठरलं. पहिली ते पाचवीला १५६ रुपये, सहावी ते आठवीला २३४. आणि खातं विद्यार्थ्याच्या नावाचं हवं. लॉकडाऊनमध्ये हातची कामं गेलेल्या बाया १५६ रुपयांसाठी रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांना सांगण्यात येई, खातं उघडायला हजार भरा. माझा फोन दिवसभर वाजे. बाई, हजार कुठून आणू? तेव्हा मी पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर बसून परिपत्रकं वाचायला लागले. किमान शिल्लक न ठेवता चालणारं मूलभूत बचत खातं प्रत्येक बँकेने दिलं पाहिजे, हे २०१२ पासून आहे. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने खातं काढू आणि चालवू देता येतं, हे ६ मे २०१४ पासून आहे. मी त्यांच्या छायाप्रती काढून बायांच्या हातात दिल्या. काही शाखांनी त्या वाचल्या आणि खाती उघडली. काहींनी, आमच्याकडे असं काही आलेलं नाही, म्हणून परत पाठवलं. बऱ्याच जणी पुन्हा गेल्याच नाहीत, दीडशे रुपयांसाठी किती रोजगार बुडवायचा? हिशेबाने त्यांचंच बरोबर होतं.

त्या दिवसांत तीन नंबरच्या मॅडमची फार आठवण यायची. भेटल्या त्या अवचित, २०२३ मध्ये, चंदननगरच्या भाजी बाजारात. मी ओळखलं नसतं. आईने मागून आवाज ऐकला, कोथिंबिरीची घासाघीस चाललेली, आणि थेट जाऊन खांद्याला हात लावला. ताई, तुम्ही बँकेतल्या ना?

वडगाव शेरीत राहतात. आम्हाला त्यांनी घरी नेलं, चहा केला. आम्ही त्यांना आठवलो नाही, आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. किल्लारीचं सांगितल्यावर त्यांना गिरणीवाले आठवले. मग मी त्या कागदाच्या पट्टीचं विचारलं. बाडात खूण आधीच कशी होती?

मॅडमनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, ती तुमच्यासाठी नव्हती. आदल्या वर्षी एक बाई आली होती, बरोबर मुलगा, चौथी-पाचवीतला. तुमच्याच खराडीच्या शाळेतला. नवरा बाहेरगावी होता. तिला मीच सांगितलं, वडिलांची सही लागेल. मला तेव्हा तेवढंच ठाऊक होतं. ती बरं म्हणाली आणि गेली. पुढे डिसेंबरअखेर जुन्या परिपत्रकांची बाडं लावून ठेवायचं काम माझ्याकडे आलं, ते करताना हे दिसलं. खूण घालून ठेवली, म्हटलं, ती परत आली की देऊ. अर्ज भरलेला नव्हता त्यामुळे नाव नाही, पत्ता नाही. ती काही आली नाही. तुम्ही आलात.

मी तीस वर्षं जे देणं एका दाराशी नेऊन ठेवत होते ते असं उचलून पलीकडच्या गल्लीत गेलं. त्या बाईला नकार मिळाला नसता तर खूण पडली नसती, आणि खूण नसती तर आईच्या वाट्याला तोच नकार आला असता. गीता हरिहरनांचं नाव निदान निकालपत्रावर आहे. २०२१ ला हात हलवत परत गेलेल्या माझ्या वर्गातल्या मुलांच्या आयांपैकी कुणामुळे कुठल्या शाखेत कुणाचं डोकं ठिकाणावर आलं असेल, कोण जाणे. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ ला अज्ञान मुलांच्या खात्यांविषयी सगळं एकत्र करून नवीन परिपत्रक काढलं. त्यात आईची सही चालण्याचा उल्लेख आहे आणि संदर्भ दिलाय तो १९७६ चाच. मॅडमना मी त्याची प्रत नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि तारखेखाली पेन्सिलीने रेघ मारली.

आईला मात्र परिपत्रकाशी देणंघेणं नाही. तिला ती बाई हवी आहे. १९९२ साली खराडीच्या शाळेत चौथी-पाचवीला मुलगा, नवरा बाहेरगावी. एवढ्यावर ती गावठाणातली घरं एकेक करून धुंडाळत असते. गिरणीवाल्यांची सून नव्हे, तिचा नवरा घरीच असायचा. मिलिटरीतल्याची बायको? तिला तर मुली. कुंभारवाड्याच्या तोंडाशी एक राहायची, नवरा मुंबईला गोदीत, पण त्यांनी पुढे घर विकलं आणि वाघोलीला गेले. वाघोलीत त्यांची पुतणी असते म्हणे. आईने तिचा नंबर मिळवलाय, आणि रविवारी फोन लावून दे म्हणून माझ्यामागे लागलीय.